दहा महिन्यांचा टीचिंग फेलोचा करार: सोलापूरहून निघण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात तासिका तत्त्वावर भूशास्त्र आणि पर्यावरणशास्त्र शिकवता, पीएचडी झाली आहे, ब्रिटनमधल्या एका विद्यापीठात याच विषयांच्या विभागात दहा महिन्यांसाठी टीचिंग फेलो (मुख्यतः शिकवण्यासाठी मुदतीच्या करारावर घेतलेला शिक्षक) हवा अशी जाहिरात पाहिली. बायको आणि सहा वर्षांची मुलगी आहे. अर्ज करावा का?

जरूर करा. पण जाहिरातीत पगाराच्या आकड्याआधी दोन गोष्टी बघा: एफटीई किती आहे आणि करार कोणत्या तारखेला संपतो.

एफटीई म्हणजे पूर्णवेळ कामाचा किती हिस्सा. ‘४५,००० पौंड, ०.६ एफटीई’ असं लिहिलं असेल तर वर्षाचा खरा पगार २७,००० पौंड. २२ जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्कर व्हिसाला (अशा नोकरीसाठी लागणारा ब्रिटनचा व्हिसा) सर्वसाधारणपणे किमान ४१,७०० पौंड पगार लागतो. विज्ञान शाखेतली आणि त्या कामाशी थेट संबंध असलेली पीएचडी असेल तर हा आकडा ३३,४०० वर येतो, शिवाय ब्रिटिश सरकारने त्या पदासाठी ठरवलेल्या पगाराच्या ८० टक्के तरी पगार असावा लागतो. दोन्हींत जो मोठा तो धरायचा. अर्धवेळ काम आहे म्हणून ३३,४०० ची अट खाली येत नाही. त्यामुळे ०.६ ची जागा तुमच्या विषयाला कितीही जुळली तरी तिच्यावर आठवडा घालवू नका. तासावर पैसे देणाऱ्या जागांचं तेच. अर्ज भरण्याआधी एचआरला दोन ओळींचा ईमेल टाका: या पदासाठी सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप (व्हिसासाठी विद्यापीठाने द्यायचा दाखला) देणार का? उत्तर ‘नाही’ असेल तर तिथेच विषय संपतो. हे आकडे बदलत राहतात, म्हणून अर्जाच्या दिवशी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर पुन्हा ताडून घ्या.

आता तारीख. समजा करार १ सप्टेंबर ते ३० जून आहे. व्हिसा त्या स्पॉन्सरशिप सर्टिफिकेटवरच्या शेवटच्या तारखेनंतर फक्त १४ दिवस चालतो, म्हणजे १४ जुलैपर्यंत. पुढच्या सप्टेंबरच्या जागा मात्र बहुतेक मे ते जुलैमध्ये निघतात, मुलाखती होऊन नवीन सर्टिफिकेट हातात यायला ऑगस्ट उजाडतो. सीएचबीवाल्यांना, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना, मे-जूनचा बिनपगारी उन्हाळा नवा नाही. तिकडे मात्र त्या उन्हाळ्यात पगाराबरोबर देशात राहण्याचा हक्कही जातो. म्हणून निवड झाल्याचा फोन आला की लगेच विचारा, करार १२ महिन्यांचा करता येईल का? उन्हाळ्यात पुरवणी परीक्षा, प्रबंधांचं मार्गदर्शन, पुढच्या वर्षाच्या मॉड्यूलची तयारी अशी खरी कामं असतात, ती नावानिशी सांगा. होकार देण्याआधी मागितलं तर विभागप्रमुखाला ते वर मांडता येतं. सही झाल्यावर कुणी ऐकत नाही. आणि नवी नोकरी शोधायला मार्चमध्येच लागा.

कागदपत्रांत सोलापूरकरांची एक खास अडचण होते. सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये सुरू झालं, त्याआधी इथली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे होती, आणि २०१९ मध्ये विद्यापीठाचं नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ झालं. एकाच माणसाच्या फायलीत दोन-तीन नावं दिसतात आणि तिकडे तपासणाऱ्याला ती वेगळी विद्यापीठं वाटतात. नावबदलाचं पत्र विद्यापीठातून घेऊन जोडा. गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि पासपोर्टवर शेवटी असेल तर तेही एका प्रतिज्ञापत्रात स्पष्ट करा. पीएचडीमुळे पगाराच्या अटीत मिळणारी सवलत हवी असेल तर भारतातली पीएचडी तिकडच्या पीएचडीच्या तोडीची आहे हे एक्टिस या संस्थेकडून प्रमाणित करून घ्यावं लागतं. इंग्रजीतून पदवी घेतल्याचा दाखलाही तिथूनच मिळतो. ८ जानेवारी २०२६ पासून इंग्रजीची पातळी बी२ (युरोपीय मोजपट्टीवरची मध्यमाच्या वरची पायरी) लागते. हे काम जाहिरात बघण्याआधी सुरू करा. व्हिसासाठीची क्षयरोगाची तपासणी ब्रिटिश सरकारने मान्य केलेल्याच केंद्रात चालते, गावातला छातीचा एक्स-रे कितीही चांगला असला तरी धरत नाहीत. तो दाखला सहा महिने चालतो, म्हणून फार आधी काढू नका.

अनुभवाचं पत्र ही सर्वात कच्ची बाजू. ‘समाधानकारक काम केले’ एवढ्याच ओळीचं पत्र तिथे काही कामाचं नाही. प्रत्येक सत्राच्या सुरुवातीची आणि शेवटची तारीख, आठवड्याचे तास, कोणता पेपर, प्रॅक्टिकलला किती मुलं, असं लिहून मागा. मजकूर तुम्हीच टाइप करून न्या, प्राचार्यांना फक्त लेटरहेडवर घ्यायचं राहील.

अर्जात सेट-नेटला वजन नाही. जाहिरातीसोबत दोन याद्या असतात, आवश्यक गोष्टींची आणि असल्यास उत्तम अशा गोष्टींची. तुमच्या निवेदनात त्याच क्रमाने, त्यांच्याच शब्दांत एकेका अटीला उदाहरण द्या. निवड समिती त्या यादीवरच गुण देते. शोधनिबंधांची लांबलचक जंत्री शिकवण्याच्या जागेसाठी उपयोगी पडत नाही.

डेमो लेक्चर १०-१५ मिनिटांचं असतं आणि तिथे आपला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, कामाला येतो. दक्खनचे लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे, स्कॉटलंडमधल्या स्काय, मल बेटांचे आणि उत्तर आयर्लंडमधल्या अँट्रिमचे साधारण ६ कोटींचे. विहीर खणताना दोन थरांमध्ये लागणारा तांबडा, गेरूसारखा पट्टा तुम्ही पाहिलाच असेल. अँट्रिमच्या बेसाल्टमध्येही लाव्हाच्या दोन टप्प्यांत हवेने कुजलेला तसाच तांबडा थर आहे. विहिरीतला तो पट्टा, वरचा पोकळ्यांचा खडक आणि खालचा घट्ट पाषाण यांचा एक फोटो घ्या आणि पाणी कुठे थांबतं हे दाखवा. समितीला एका फोटोत खडक, हवामान आणि भूजल तिन्ही दिसतात. पर्यावरणाचा तास असेल तर पुण्याकडच्या सांडपाण्याने हिरवं पडणारं उजनी धरणाचं पाणी घ्या.

उणी बाजूही आधीच भरून काढा. ट्रॅपवर (दक्खनच्या लाव्हाच्या थरांवर) शिकलेल्या माणसाचा हात घड्या, भ्रंश आणि हिमनदीच्या गाळावर बसलेला नसतो, आणि तिकडे पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या फील्डला नेमकं तेच असतं. ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेचे नकाशे ऑनलाइन फुकट बघता येतात. त्या विद्यापीठाच्या आसपासचा भाग उघडून रोज एक छेद (जमीन उभी कापली तर थर कसे दिसतील त्याचं चित्र) काढा. समुद्रकाठच्या फील्डला भरती-ओहोटीचं वेळापत्रक आणि जोखमीचा लेखी तक्ता आधी मंजूर करून घ्यावा लागतो. तो नसेल तर बस निघत नाही.

गुणांचं गणित वेगळं आहे. ४० ला पास, ७० ला पहिला वर्ग. आपल्या सवयीने चांगल्या उत्तराला ८५ दिलेत तर तपासणीचा दुसरा शिक्षक सगळा गठ्ठा परत पाठवेल. शेरे लिहून साधारण तीन आठवड्यांत परत द्यायचे असतात. ८० अहवाल, प्रत्येकी २० मिनिटं, म्हणजे जवळपास २७ तास. हा वेळ कामाच्या वाटपात धरलाय का हे विचारा.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. तिकडे अलीकडे अनेक विद्यापीठांनी माणसं कमी केली आहेत, आणि भूशास्त्राच्या पदवीला येणारी मुलंही घटली आहेत. अशा जागा बहुतेक कुणाच्या प्रसूतीरजेच्या किंवा संशोधनरजेच्या बदल्यात असतात, तो माणूस परत येतो. ‘आत शिरलो की कायम करतील’ हा हिशोब धरू नका.

कुटुंबाचं. हेल्थ सरचार्ज (तिकडची सरकारी आरोग्यसेवा वापरण्यासाठी व्हिसासोबत भरायची रक्कम) मोठ्यांना वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलांना ७७६, आणि सहा महिन्यांवरचं वर्ष पूर्ण धरतात. तिघांचे मिळून २,८४६ पौंड, व्हिसाच्या फीशिवाय, तेही पहिला पगार यायच्या आधी. करार दहा महिन्यांचाच राहिला तर एकटे जा, मुलीची शाळा मोडू नका. बारा महिन्यांचा झाला आणि पुढच्या वर्षाचं काही लेखी हाती आलं, तर मग तिघांची तिकिटं काढा.