जातो नाही, येतो म्हणायचं

प्रिय सोनू,

परवा विमानात तू विचारलंस ना, की आई, आपण तर खरंच जात होतो मग आजी "येतो म्हण" म्हणून का ओरडली, आणि ते खोटं नाही का, कारण तू १७ वर्षं येते येते म्हणतेस आणि राहतेस दुबईतच. मी झोप आता म्हणून तुला गप्प केलं. पण मला काही झोप लागली नाही. म्हणून आज लिहून देतेय. तुझ्या शाळेत अरबी आहे, हिंदी आहे, मराठी नाही, तर हळूहळू वाच आणि अडलं की विचार.

त्या रात्री काय झालं ते आधी सांगते, कारण तू घाईत होतास. सोलापूरहून मुंबईची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडायची होती, रिक्षा दारात उभी, मामा बॅगेचं वजन परत परत करत होता कारण आजीने शेंगाची चटणी अजून एक पुडा आणि कडक भाकरीची चवड मध्येच कुठेतरी कोंबली होती. आजी वाटी घेऊन एकेकाच्या तळहातावर दही ठेवत होती. तू दही चाटलंस, हात चड्डीला पुसलास आणि म्हणालास, "चला आजी, जातो आम्ही." तिचा चमचा तसाच हातात राहिला. "जातो काय म्हणतोस बे, येतो म्हण की!" तू घाबरून येतो म्हणालास, मग ती "ये" म्हणाली, आणि मगच माझ्या हातावर दही ठेवलं.

आपल्यात माणूस "गेला" म्हटलं की तो मेला असा अर्थ होतो. म्हणून दारातून निघणाऱ्याच्या तोंडी तो शब्द नको. आजी हे एवढ्याच बाबतीत करत नाही, तू लक्ष दे. नारळ फोडला म्हणत नाही, वाढवला म्हणते. बांगडी फुटली नाही, वाढवली. आमच्या गल्लीतले किराणावाले काका रात्री दुकान बंद करायचे नाहीत, वाढवायचे. गणपती बुडवताना सुद्धा आपण पुढच्या वर्षी लवकर या असंच ओरडतो ना. जिथे काही संपतंय तिथे मुद्दाम वाढण्याचा, परत येण्याचा शब्द ठेवलाय. शाळेत असताना मला ही अंधश्रद्धा वाटायची आणि मी आजीशी भांडायची. आता नाही भांडत.

आणि हे फक्त मराठीत नाही हं. आमचं घर अशोक चौकाच्या बाजूला, सगळीकडे यंत्रमागाची खटखट, चादरी आणि टॉवेल. शेजारी तेलुगू बोलणारे विणकर, समोर कानडी घर. मी लहानपणी समोरच्या अक्कांकडून निघताना "होगि बर्तीनि" म्हणायला शिकले, म्हणजे जाऊन येते. शेजारच्या काकू बाजाराला निघाल्या की "पोयि वस्ता", म्हणजे पुन्हा तेच, जाऊन येते. तीन भाषा, एकाच गल्लीत, आणि निघताना तिघींच्या तोंडात येणंच. मग दुबईत आले तर वरच्या मजल्यावरच्या केरळच्या चेची, म्हणजे ताई, पहिल्याच दिवशी लिफ्टपाशी "पोयिट्टु वरां" म्हणाल्या, मी अर्थ विचारला, तर जाऊन येते! मला इतकं बरं वाटलं ना त्या दिवशी, नवीन घरात सामान पण लागलं नव्हतं अजून. तुम्ही मुलं "यल्ला बाय" म्हणता, ते म्हणा, माझी ना नाही. पण आजीच्या दारात नको.

आता खोटं की खरं. बघ, मी २००८ ला लग्न होऊन इथे आले, मेट्रो सुद्धा सुरू झाली नव्हती. बाबांची आणि माझी बोली झाली होती ५ वर्षं. मग तू झालास, मग घराचं कर्ज, मग तुझी शाळा. या १७ वर्षांत आपल्याला कुणी इथलं म्हटलं नाही. दर २ वर्षांनी व्हिसा, दर वेळी रक्त द्या, छातीचा एक्स-रे काढा, घरभाड्याचे चेक पुढच्या तारखांचे आधीच लिहून द्या. तू २ वर्षांचा असताना बाबांची नोकरी गेली, तेव्हा नियम ३० दिवसांचा होता, ३० दिवसांत नवीन नोकरी नाही तर निघा, आपल्या तिघांनाही. तू हॉलमध्ये खेळत होतास आणि मी तुझी खेळणी दोन ढिगांत लावत होते, नेण्याची आणि टाकण्याची. २६ व्या दिवशी नोकरी मिळाली. लाल ट्रक टाकण्याच्या ढिगात होता, तो मी परत तुझ्या हातात दिला. तुला आठवत नसेल, मला तो ट्रक रोज आठवतो.

इथला प्रत्येक कागद विचारतो किती दिवस राहणार. आणि आजीने दारात म्हटलेल्या "ये" वर तारीखच नाही. मी येते म्हणते तेव्हा उद्या येईन असं सांगत नाही, मी सांगते की हे दार माझं आहे हे मी विसरलेली नाही, आणि आजी ये म्हणते तेव्हा ती सांगते की मी पण विसरलेली नाही. तिकीट लागत नाही त्याला. पण तू म्हणतोस तेही खरं आहे, नुसतं येते म्हणून १७ वर्षं काढली की शब्द पातळ होतो. आजीचे गुडघे आता जिना चढू देत नाहीत. तिला इथे आणलं तर व्हिजिट व्हिसा, दिवस मोजायचे, आणि तिला खिडकीतून कुणाला हाक मारता येत नाही म्हणून ती आठव्या दिवशी परत जायचं म्हणते. व्हॉट्सअॅपवर मेसेज जातो पण कॉल इथे लागत नाही, म्हणून बोटिम नावाचं कॉलचं अॅप शिकवलं तिला, त्यात पण अर्धा वेळ हॅलो हॅलो. २०२२ पासून इथे रविवारची सुट्टी सुरू झाली हे मला किती मोठं वाटलं तुला सांगू, त्याआधी आपली सुट्टी शुक्रवारी आणि मामाची रविवारी, सगळं घर एकत्र बोलायला मिळायचंच नाही.

भैय्या चौकात आपण डॉ. कोटणीसांचं घर बघायला गेलो होतो, आठवतं? १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, युद्धातल्या जखमींवर उपचार करत राहिले आणि १९४२ मध्ये ३२ व्या वर्षी तिथेच वारले. तू तिथे विचारलंस, हे पण येतो म्हणाले होते का? मी उत्तर दिलं नाही. सोलापूरच्या घरातून निघणारा माणूस दुसरं काय म्हणणार, सांग. ते आले नाहीत, पण त्यांची चिनी पत्नी पुढे भारतात येऊन गेल्या, आणि घर आजही त्यांच्या नावाने उभं आहे. हे मी तुला समजूत घालायला सांगत नाहीय. उलट त्या घरातून बाहेर पडताना मला आजीचीच काळजी वाटत होती.

आपण दर वर्षी जुलैत जातो, शाळेच्या सुट्टीत. त्यामुळे तू गड्डा कधी पाहिलाच नाहीस. संक्रांतीच्या वेळी सिद्धेश्वरांची यात्रा असते, सात नंदीध्वज निघतात, आम्ही काठ्या म्हणतो, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं त्या उंच काठ्या तोलत रस्त्याने आणतात. सम्मती कट्ट्यावर अक्षता असतात, हजारो माणसं एकदम मुठी उघडतात. मी आजोबांच्या खांद्यावर बसून बघायची, मुठीतले तांदूळ घामाने हाताला चिकटायचे आणि आजोबा खालून ओरडायचे, टाक टाक! मग होम मैदानावर पाळणे, भजी, चुरमुरे, भेंडबत्तासे. तुझी शाळा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरू होते म्हणून दर वर्षी राहून गेलं. शाळा, ऑफिस, तिकिटाचे दर, काहीतरी असतंच.

तर ऐक. मी ऑफिसात ७ दिवसांची रजा मागितलीय, साहेबांनी अजून हो म्हटलं नाही पण नाही पण म्हटलं नाही. बाबांना जमणार नाही, आपण दोघंच. तुझ्या बाईंना मी अर्ज लिहिते, बुडालेला अभ्यास आपण परत आल्यावर रात्री बसून करू. १० जानेवारीची तिकिटं काल रात्री बघून ठेवलीत, रजा पक्की झाली की काढते. आजीला यातलं काही माहीत नाही. रविवारी फोनवर तोंडातून निघू देऊ नकोस, ती लगेच चटणी कुटायला बसेल आणि तिचे खांदे दुखतात.

तुझी,
आई