टेरेस्ड घ्यावं की सेमी?

आधी एक सांगतो, 'टेरेस्ड' ऐकून गच्चीत पापड वाळवायची स्वप्नं बघू नकोस. इंग्लंडमधलं टेरेस्ड म्हणजे आपलं रो-हाऊस. सेमी म्हणजे ट्विन बंगला, भिंत एकाच बाजूला सामाईक.

आमचं पहिलं घर रेडिंगला, जुन्या रांगेतलं, अगदी मधलं. दोन्हीकडून शेजाऱ्यांची ऊब, त्यामुळे हीटिंगचं बिल बेताचं. पण मागे जायला बाजूने वाट नाही. सायकल हॉलमधूनच न्यायची, भिंतीवर हँडलचे काळे ओरखडे. शेजारचा जिना आमच्या भिंतीला लागून, रात्री कोण कधी झोपायला गेलं ते कळायचं. (आमचा मिक्सर त्यांनी सोसलाच असणार!) म्हणून घर संध्याकाळी, माणसं घरी असताना बघ.

पुढे माळ्यावर खोली काढायची असेल, तर एरवी प्लॅनिंगच्या परवानगीशिवाय टेरेस्डला 40 घनमीटर वाढवता येतं, सेमीला 50. कॉन्झर्व्हेशन एरियात, म्हणजे जुनं रूप जपण्यासाठी राखलेल्या भागात, ही सवलत नाही. सामाईक भिंतीत तुळई बसवायची तर 1996 च्या पार्टी वॉल कायद्यानुसार शेजाऱ्याला आधी लेखी नोटीस द्यावी लागते.

बजेट ताणून सेमीच घे, असं मी म्हणणार नाही. फक्त घेण्याआधी घर तपासणाऱ्या सर्व्हेयरला माळ्यात डोकवायला सांग. जुन्या रांगांमध्ये दोन घरांमधली भिंत कधीकधी तिथे अर्धवटच सोडलेली असते.