घरची 14 लाखांची ठेव पायलटमध्ये घालावी का?

कोल्हापूरच्या एका चित्रकार वाचकाचं पत्र आलं आहे. वय 39, मुलगी 9 वर्षांची. मित्राने लिहिलेल्या गोष्टीवर त्यांनी कॉमिक काढलं, पदरमोड करून चार अंक छापले आणि ते विकलेही. खर्च वजा जाता 1 लाख 60 हजार हातात राहिले. आता ओळखीचा एक स्टुडिओ 20 लाखांत 11 मिनिटांचा अ‍ॅनिमेटेड पायलट, म्हणजे मालिकेचा नमुना भाग, करून द्यायला तयार आहे. 14 लाखांची एफडी मोडायची आणि पत्नीच्या दागिन्यांवर 6 लाखांचं कर्ज काढायचं, असं त्यांच्या मनात आहे. 'निन्जा टर्टल्सवाल्यांनीही उसन्या पैशावरच सुरुवात केली होती,' असं ते लिहितात.

नमस्कार. तुम्ही पाठवलेला पहिला अंक मी एका बैठकीत वाचून काढला आणि दुसरा का पाठवला नाहीत, म्हणून थोडा रागही आला. या गोष्टीची मालिका व्हावी असं मलाही मनापासून वाटतं. तरीही एफडी मोडू नका आणि दागिन्यांना हात लावू नका.

टर्टल्सचं तुम्ही अर्धंच ऐकलं आहे. हे अमेरिकन कॉमिक काढणाऱ्या ईस्टमन आणि लेअर्ड यांनी 1984 मध्ये स्वतःची पुंजी आणि ईस्टमनच्या काकांकडून घेतलेले पैसे घातले, ते सुमारे 3,000 प्रती छापण्यासाठी. ती जोखीम तुम्ही चार वेळा घेऊन झाली आहे. 1987 मध्ये टीव्हीवर मालिका आली, तेव्हा तिच्यामागे खेळणी बनवणारी कंपनी उभी होती. दुसरं उदाहरण जेफ स्मिथ यांच्या 'बोन'चं. 1991 पासून त्यांनी हे कॉमिक स्वतः प्रकाशित केलं. पडद्यावर आणण्याचे करार निकलोडियन, मग वॉर्नर, मग नेटफ्लिक्सशी झाले आणि 2022 मध्ये नेटफ्लिक्सनेही मालिका रद्द केली. म्हणजे वीस वर्षांहून जास्त काळ नुसती वाट पाहणं. या काळात पुस्तकं मात्र विकली जात राहिली. तुमची एफडी आणि सोनं एवढा काळ दम धरेल का?

आता स्टुडिओचा आकडा पाहू. 11 मिनिटं म्हणजे 660 सेकंद. सेकंदाला 12 चित्रं धरली तरी 7,920 चित्रं होतात. त्यामुळे सेकंदाला तीन हजार हा दर मला लुबाडणुकीचा वाटत नाही. अडचण अशी की पायलट हा नमुना असतो. तो कुणाला आवडला, तरी पुढच्या भागांचे पैसे नव्याने उभे करावे लागतात आणि नाही आवडला तर घातलेल्या 20 लाखांतला रुपयाही परत येत नाही. सोनेतारणावर 10 टक्के व्याज धरलं, तर वर्षाला 60 हजार जातील आणि मुद्दल सहसा वर्षभरातच परत मागितलं जातं. तेच 14 लाख 7 टक्क्यांनी वाढले, तर मुलगी 18 वर्षांची होईल तेव्हा कर धरण्याआधी 25 लाख 70 हजारांच्या आसपास होतात. शिवाय दागिने पत्नीचे आहेत. त्यांचं मत तुमच्या पत्रात कुठेच दिसलं नाही, हे मला खटकलं.

पत्र वाचून मला खरी काळजी वाटली ती वेगळ्याच ओळीची: 'मित्राशी लेखी काही नाही, पण तो घरचाच आहे.' कथेचा हक्क त्याचा, चित्रांचा तुमचा. त्याच्या सहीशिवाय मालिकेचे हक्क तुम्ही कुणालाही देऊ शकत नाही आणि पैसे लावणारा सगळ्यात आधी हेच कागद मागेल. घरचा आहे म्हणूनच आज, चहा पिता पिता, वाटा किती, नाव कुठे, हे लिहून घ्या.

स्टुडिओने दिलेल्या कराराच्या मसुद्यातलं 'सर्व हक्क, कायमस्वरूपी, जगभर' हे वाक्य तर आधी खोडायला लावा. 20 लाख तुम्ही देणार आणि पात्रं त्यांची होणार, हा कुठला हिशेब? आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात हक्क सोपवण्याचा करार लेखी लागतो. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे गप्प राहिलात तर कायदा थोडं तरी सांभाळून घेतो, 'कायमस्वरूपी'वर सही केलीत की तो आधारही जातो. कुणी निर्माता आला तर त्याला 18 महिन्यांची मुदत द्या, त्यासाठी थोडे का होईना पैसे घ्या आणि तेवढ्यात काम सुरू झालं नाही तर हक्क परत तुमच्याकडे, असं लिहून घ्या. खेळणी, पुस्तकं, इतर भाषा यांचे हक्क वेगळे ठेवा. या क्षेत्रातल्या वकिलाला एकदा फी देऊन मसुदा दाखवाच.

कॉमिकने कमावलेले 1 लाख 60 हजार मात्र बिनधास्त याच कामाला लावा. वकिलाची फी, दोन-तीन मिनिटांचं अ‍ॅनिमॅटिक (स्थिर चित्रं आवाजाबरोबर ओळीने दाखवणारा कच्चा व्हिडिओ), चांगले आवाज आणि संगीत. पॅनेल तुमच्याकडे तयार आहेतच, त्यामुळे अर्धा स्टोरीबोर्ड (प्रसंगांचा चित्र-आराखडा) झाल्यासारखाच आहे. ते घेऊन गोव्यात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या वेळी भरणाऱ्या वेव्हज फिल्म बझारला (पूर्वीचा फिल्म बझार) जा. तिथे निर्माते समोर भेटतात. यातून काही उरलं तर पाचवा अंक छापा.

मित्राबरोबरच्या कराराचा कच्चा मसुदा आधी पाठवा, मी पाहून देते. आणि सोबत दुसरा अंकही.