वैद्यकीय शिक्षण हा संशोधनाचा विषय केव्हा झाला?

आपण विचारले आहे की याची सुरुवात १९१० च्या फ्लेक्सनर अहवालापासून मानावी का. माझ्या मते मानू नये. त्या अहवालाने अमेरिका-कॅनडातील वैद्यकीय महाविद्यालयांची झाडाझडती घेतली, पण विद्यार्थी नेमका कसा शिकतो, हा प्रश्न त्याच्या केंद्रस्थानी नव्हता. तो प्रश्न १९५० च्या दशकात अमेरिकेतील बफेलो विद्यापीठात जॉर्ज मिलर या डॉक्टरने शिक्षणशास्त्राचे अभ्यासक स्टीफन अब्राहमसन यांच्या सोबतीने हाती घेतला आणि उत्तम डॉक्टर आपोआप उत्तम शिक्षक होतो, ही समजूत तपासायला घेतली. (आमच्याकडे ती अजून पुरती गेलेली नाही.) १९५९ मध्ये मिलर इलिनॉय विद्यापीठात गेले आणि तेथे या संशोधनाला स्वतंत्र विभाग मिळाला.

मी वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यातला असल्याने मला १९६९ हे साल महत्त्वाचे वाटते: त्याच वर्षी कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात रुग्णाच्या समस्येभोवती रचलेला अभ्यासक्रम सुरू झाला, आणि इकडे सुशीला नायर यांनी सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय काढले, जिथे विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. या दोन घटनांचा परस्परसंबंध नाही. शिक्षण कुठे आणि कशातून घडते, हा प्रश्न मात्र दोन्हीकडे होता.