म्हैसूरच्या ट्रेनिंगला जाताय? आधी चार्जचं (प्रभाराचं) बघा (उत्तर लांबलंय, सांभाळून घ्या)

मॅडम, नमस्कार.

तुम्ही लिहिलंय की गेल्या वर्षी गट-अ मध्ये पदोन्नती झाली, कर्नाटकातल्या चिकोडी भागात पोस्टिंग आहे आणि आता वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या ५ दिवसांच्या नेतृत्व प्रशिक्षणाला म्हैसूरला नाव आलंय. माझ्या जागी प्रभारी कोण, असं वरच्या कार्यालयाला विचारलं तर उत्तर आलं, "तुमच्या पातळीवर बघून घ्या." हे वाक्य वाचलं आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. शब्दही बदललेला नाही. मला हेच २०१८ मध्ये फोनवर कानडीतून ऐकवलं होतं आणि त्याची किंमत मी पुढं अडीच वर्षं मोजली.

ट्रेनिंगला जावं की नाही, हा प्रश्नच नाही. जायचंच. राहायची सोय, टीए (प्रवास भत्ता), प्रवास हे तुम्हाला माहीत असेलच, त्यात शिरत नाही. मी फक्त चार्जबद्दल लिहितो, कारण तिथंच माणूस अडकतो.

मार्च २०१८, पाडव्याच्या आधीचा आठवडा. सोमवार १२ ते शुक्रवार १६. वर्षअखेरची बिलं टेबलावर, त्यात विधानसभेच्या निवडणुका तोंडावर आलेल्या. मी १५ दिवस आधी लेखी मागणी केली होती की शेजारच्या विभागातल्या माझ्याच दर्जाच्या अधिकाऱ्याकडे अतिरिक्त प्रभार द्यावा. कडत, म्हणजे फाईल, वरच्या कार्यालयात पडून राहिली. तीनदा फोन केला. पहिल्यांदा साहेब मीटिंगमध्ये, दुसऱ्यांदा टिप्पणी टाकली आहे, तिसऱ्यांदा तुमच्या पातळीवर बघून घ्या. त्या कार्यालयाचं आणि खात्याचं नाव मी इथं घेणार नाही. तिथली माणसं बदलली, काही निवृत्त झाली. पण एका ओळीचा आदेश काढायला १५ दिवस पुरले नाहीत, हे मी अजून विसरलेलो नाही.

शनिवारी संध्याकाळी मी माझ्या एफडीएला (प्रथम दर्जा सहायक, म्हणजे कार्यालयातला कारकून) केबिनमध्ये बोलावलं. १२ वर्षं माझ्याबरोबर काम केलेला, अतिशय विश्वासू माणूस. ड्रॉवरमधून डिजिटल सहीची की काढली, निळ्या दोऱ्यात अडकवलेली, पेनड्राइव्हएवढी. त्याच्या हातात दिली आणि पिन एका चिठ्ठीवर लिहून दिला. म्हटलं, पगार आणि अर्जंट बिलं अडकू देऊ नकोस, शंका आली तर फोन कर. रविवारी रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बेंगळूर गाठलं, तिथून म्हैसूर. मनात कसलीही शंका नव्हती. आमच्याकडं निम्मी कार्यालयं अशीच चालत होती.

त्या ५ दिवसांत माझ्या सहीनं ११ बिलं गेली. त्यातलं एक, १,८६,४०० रुपयांचं, त्याच पुरवठादाराला दोनदा गेलं. एफडीएनं एक पैसा खाल्ला नाही, हे मी शपथेवर सांगतो. जुनी प्रत आणि नवी प्रत अशा दोन्ही फायलीत होत्या आणि घाईत दोन्ही चढल्या. पुरवठादारानं ३ महिन्यांत पैसे परत भरले. माझ्या लेखी विषय संपला होता.

पुढच्या वर्षी ऑडिट पार्टी आली. त्यातल्या एका तरुण मुलीनं दोन कागद माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एक त्या बिलाचा उतारा, १४ मार्च, सकाळी ११ वाजून २० मिनिटं, माझी डिजिटल सही. दुसरं माझ्याच टीए बिलाला जोडलेलं ट्रेनिंगचं हजेरी प्रमाणपत्र, १२ ते १६ मार्च, रोज सकाळ-दुपार हजर. ती आवाज न चढवता म्हणाली, "सर, ११ वाजता तुम्ही म्हैसूरच्या वर्गात होता. मग बेळगावात सही कुणी केली?" माझ्याकडं उत्तर नव्हतं.

पुढं 'कारण केळी' नोटीस, म्हणजे आपली कारणे दाखवा. मग सीसीए रूल्स १९५७, म्हणजे राज्य कर्मचाऱ्यांच्या शिस्तीचे नियम, त्याखालची खातेनिहाय चौकशी. पैसे परत आले होते, म्हणून शेवटी नियम १२ खाली 'वाग्दंडने'वर, म्हणजे नुसत्या ठपक्यावर, निभावलं. पण मधल्या काळात माझ्यानंतरचे दोघे पुढं गेले. एफडीएलाही नोटीस आली. त्याच्या मुलीचं लग्न त्याच महिन्यात होतं. मंडपात तो माझ्या नजरेला नजर देत नव्हता. त्यात चूक त्याची नव्हती, सहीची की मीच त्याला दिली होती.

आता तुमच्यासाठी. मी वकील नाही, २०२२ मध्ये निवृत्त झालो. खजाने-२ (ट्रेझरीची ऑनलाइन प्रणाली) मधल्या पद्धतीत नंतर काही बदललं असेल तर ट्रेझरीत विचारूनच पाऊल टाका. पण मूळ गोष्ट बदलण्यासारखी नाही. डिजिटल सहीची की तुमच्या ताब्यात ठेवण्याची जबाबदारी माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४२ नं तुमच्यावर टाकली आहे. शिपाई, क्लार्क, सख्खा भाऊ, कुणालाही देऊ नका. बिलं ५ दिवस थांबली तर थांबू देत. उशिराबद्दल मेमो आला तर त्याला उत्तर देता येतं. दुसऱ्यानं केलेल्या सहीला उत्तर नसतं.

प्रभार लेखीच घ्या, तोंडी नको. तुमच्या बरोबरीच्या अधिकाऱ्याला अतिरिक्त प्रभार केसीएसआरच्या (कर्नाटक नागरी सेवा नियम) नियम ६८ खाली देता येतो, तो नियम पत्रात लिहाच. नियमाचा आकडा दिसला की खालची माणसं टिप्पणी टाकायला घाबरत नाहीत. आणि आदेश झाला म्हणजे काम झालं असं नाही. प्रभारी अधिकाऱ्याच्या स्वतःच्या सहीची डीडीओ (बिलं काढणारा अधिकारी) म्हणून ट्रेझरीत नोंद व्हावी लागते, त्याला दिवस जातात. म्हणून १० दिवस आधीपासून मागं लागा.

आदेश आलाच नाही तर? तर निघायच्या आदल्या दिवशी वरच्या कार्यालयाला ईमेल करा: अमुक तारखेला प्रभाराची मागणी केली, आदेश मिळालेला नाही, मी नामनिर्देशनाप्रमाणे प्रशिक्षणाला रवाना होत आहे, या काळात माझी डिजिटल सही वापरात राहणार नाही, तातडीची बिलं आपण सांगाल त्या अधिकाऱ्याकडं पाठवली जातील. चार ओळी, साध्या कानडीत. त्याची एक प्रत टपालानं पाठवा आणि आवक नंबर लिहून घ्या. मी हे केलं असतं तर ऑडिटच्या त्या मुलीला दाखवायला माझ्याकडं तिसरा कागद असता.

कार्यमुक्तीचा आदेशही हातात घ्या. ट्रेनिंगचा काळ ड्युटी धरला जातो, पण कागद नसेल तर पुढं पगाराच्या वेळी गैरहजर दाखवणारे महाभाग आहेत. माझ्या एका बॅचमेटला ८ महिने लागले ते नीट करून घ्यायला.

वरच्या कार्यालयात ट्रेनिंगला 'फिरायला चालला' म्हणायची पद्धत आहे, त्याचा मला मनापासून राग आहे. वीरप्पा मोईलींच्या दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगानं २००८ च्या अहवालात ठराविक टप्प्यांवर प्रशिक्षण सक्तीचं करा आणि ते पुढच्या पदोन्नतीशी जोडा, अशी शिफारस केली होती. २०१२ च्या राष्ट्रीय प्रशिक्षण धोरणानं पगाराच्या तरतुदीच्या किमान २.५ टक्के रक्कम प्रशिक्षणासाठी ठेवायला सांगितलं. २०२० पासून मिशन कर्मयोगी ही केंद्राची प्रशिक्षण योजना आहे. आणि जिल्ह्यात काय चालतं? ज्याच्यावाचून काम अडत नाही त्याला दरवेळी पाठवायचं आणि ज्याच्याकडं खरंच माणसं सांभाळायचं काम आहे त्याला 'मार्चनंतर बघू' म्हणायचं. तुमचं नाव आलंय, सोडू नका.

ट्रेनिंगमध्ये दोर ओढायचे, फुगे उडवायचे खेळ असतील, ते मला विशेष भावले नाहीत. एक गोष्ट मात्र घेऊन आलो. एका सरांनी सांगितलं की परत गेल्यावर एक दिवस टेबलावर येणारा प्रत्येक कागद वहीत लिहा आणि पुढं लिहा, हा निर्णय फक्त मीच घेऊ शकतो का. मी सोमवारी लिहिलं. दिवसभरात ४२ कागद आले, त्यात फक्त माझ्याच अधिकारातले ६ निघाले. बाकीचे ३६ मी वर्षानुवर्षं अडवून बसलो होतो. सही एका माणसाकडं गोळा करून ठेवली की तो गावाला गेल्यावर सहीची की दुसऱ्याच्या हातात जाते. माझ्या चुकीचं मूळ मला त्या वहीत सापडलं.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ते कामी आलं. दूधगंगा-वेदगंगेच्या काठच्या काही गावांना मी नोडल अधिकारी होतो. यमगर्णीजवळ हायवे बंद, फोन लागत नव्हते. त्याआधीच मी प्रत्येक गावच्या पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) आणि तलाठ्याला एका पानावर लिहून दिलं होतं: नदीचा विसर्ग एवढा झाला की जनावरं हलवायची, पुलाच्या या दगडापर्यंत पाणी आलं की वस्ती, मला विचारायचं नाही. एका गावात पहाटे ३ ला लोक परिहार (मदत) केंद्रात पोचले तेव्हा मी दुसऱ्या काठावर अडकलो होतो. माझा फोन लागायची वाट कुणी बघितली नाही.

भाषेचं तुम्ही विचारलंय, आपलं कानडी म्हैसूरला चालेल का. मी खानापूर तालुक्यातला, सातवीपर्यंत मराठी शाळा. म्हैसूरच्या लोकांना आपलं 'री' लावलेलं कानडी वेगळं वाटतं, पण कुणी कमी लेखलं नाही. सादरीकरण दुसऱ्याकडून लिहून घेऊ नका. पुस्तकी कानडी पाठ करून मी पहिल्या दिवशी अडखळलो. दुसऱ्या दिवशी आपल्या बोलीत बोललो आणि कलबुर्गीच्या अधिकाऱ्यांनी सगळ्यात जास्त प्रश्न मलाच विचारले. त्यांच्यातले दोघे आजही फोन करतात.

जाता जाता एक, थोडं विषयाबाहेरचं. तुमच्याकडं मराठीत अर्ज घेऊन आलेल्या माणसाला 'कानडीत लिहून आण' म्हणून परत पाठवू देऊ नका. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे त्याला त्याच्या भाषेत गाऱ्हाणं देता येतं. कार्यालयाचं कामकाज कानडीतच चालेल, ते बरोबरच आहे. पण अर्ज घेऊन, वाचून, कानडीत दोन ओळींची टिप्पणी टाकायला तुमच्यासारखा दोन्ही भाषा येणारा अधिकारी असेल तर त्या म्हातारीची एक खेप वाचते.

तर उद्या सकाळी आधी प्रभाराचं पत्र टाका, ६८ चा उल्लेख करून. तीन दिवसांत उत्तर आलं नाही तर इथं लिहा, मसुदा मी करून देतो. आणि सहीची की आजपासूनच स्वतःच्या पर्समध्ये ठेवा, ड्रॉवरमध्ये नको.