व्हायोलिनची वरची फळी कडेने सुटली आहे. पांढऱ्या गमने घरी चिकटवता येईल का?

घरी चिकटवता येईल, पांढऱ्या गमने नको. फळी आणि बाजूची पट्टी यांच्यात खालच्या कडेला बोटभर लांब फट आहे, बाकी लाकूड धडधाकट आहे, असं तुम्ही लिहिलंय. एवढं काम घरी नीट होतं.

आधी तारा सैल करा, पण घोडी (तारांखालचा लाकडी आधार) उभी राहील एवढा ताण ठेवा. सगळ्या तारा एकदम काढल्या तर आतला साउंडपोस्ट, म्हणजे छोटी लाकडी कांडी, पडू शकतो. तो चिकटवलेला नसतो, दोन फळ्यांमध्ये नुसता दाबून उभा असतो.

ही फट बिघाडापेक्षा इशारा जास्त आहे. लाकूड त्याच्या अंगच्या रेषांच्या दिशेने जवळपास बदलत नाही, आडवं मात्र आकसतं आणि फुगतं. हवा कोरडी झाली की फळी रुंदीत आकसते. बाजूच्या पट्टीच्या रेषा मात्र कडेकडेने धावतात, त्यामुळे ती लांबीला तेवढीच राहते. हा ताण कुठेतरी सुटायला हवा. म्हणून कारागीर वरची फळी मुद्दाम पातळ सरसाने चिकटवतात, म्हणजे आधी सांधा उघडतो आणि फळी वाचते. माझ्याकडे आलेल्या एका जुन्या व्हायोलिनला आधी कुणीतरी पांढरा गम लावला होता. पुढच्या कोरड्या दिवसांत तो सांधा हलला नाही, त्याच्या शेजारी फळीच चिरली. ती चीर बघून मला फार वाईट वाटलं होतं. पांढऱ्या गमाचं आणखी एक आहे: तो सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतो, आणि त्याच्या जुन्या थरावर पुढच्या वेळी काहीच धड चिकटत नाही. सुपरग्लू आणि इपॉक्सी तर या सांध्याच्या जवळही नेऊ नका.

हवा तो प्राण्यांच्या कातड्यापासून केलेला सरस. वजनाने एक भाग दाणे आणि दोन भाग गार पाणी घेऊन तासभर भिजवा. दाणे फुगले की भांडं गरम पाण्यात ठेवून साधारण ६० अंश सेल्सियसपर्यंत तापवा. उकळू देऊ नका, उकळलेल्या सरसाची ताकद जाते. ब्रशवरून न तुटता धार पडली की तो तयार झाला. वरच्या फळीसाठी त्यात थोडं गरम पाणी घालून आणखी पातळ करा. तयार बाटलीतला सरस सावकाश सुकतो, त्यामुळे हाताला वेळ मिळतो, पण तो शिळा झाला की पकडत नाही. बाटलीवरची तारीख बघूनच घ्या.

आता फट नुसत्या बोटाच्या दाबाने मिटते का ते बघा. यावर माझा सगळ्यात जास्त भर आहे. जोर लावावा लागत असेल तर लाकूड आकसलंय किंवा वाकलंय. तिथे थांबा आणि वाद्य कारागिराकडे न्या. मिटत असेल तर पातळ सुरीला कोमट पाणी लावून आतला मळ आणि सुटा सरस काढा, आणि ओल पूर्ण सुकू द्या. स्पिरिट लावू नका, व्हार्निश विरघळेल. जुना सरस थोडा राहिला तरी चालतो, नवा त्यात मिसळून धरतो.

सरस लावण्याआधी शिकंजे (क्लॅम्प) एकदा कोरडेच लावून बघा, कारण गरम सरस मिनिटभरात घट्ट व्हायला लागतो. हेअर ड्रायरने सांधा किंचित गरम केला तर थोडी सवड मिळते. पातळ सुरीने सरस आत सारा, फट मिटवा, आणि शिकंज्याखाली कॉर्कचे तुकडे ठेवून फट बंद राहील एवढाच दाब द्या. जास्त आवळलं तर सरस सगळा बाहेर येतो आणि कडेला वळ उठतात. बाहेर आलेला सरस लगेच कोमट ओल्या फडक्याने पुसा.

२४ तास हात लावू नका. मग तारा थोड्या थोड्या चढवा आणि कडेने बोटाच्या पेराने टकटक करत फिरा. चिकटलेल्या जागी आवाज भरीव येतो, सुटलेल्या जागी पोकळ किंवा खरखरता. अशी आणखी एखादी जागा बहुतेक सापडेल, तीही याच पद्धतीने चिकटवा. मानेजवळचा सांधा हलत असेल किंवा साउंडपोस्टच्या वरच फळीला चीर असेल तर मात्र घरी हात लावू नका.

व्हायोलिनच्या पेटीत आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास राहिली तर सांधे क्वचितच उघडतात. त्यासाठी पेटीत छोटा आर्द्रतामापक ठेवा.