कोर्टाच्या तारखेआधीची सही

अमेरिकेत मूल दत्तक घेणाऱ्या कुटुंबांना मी कागदपत्रांत मदत करते. मेधा आणि संजीव (नावं बदलली आहेत) माझ्याकडे आले तेच गाडीत भांडून. न्यू जर्सीत घर, दोघांच्या नोकऱ्या, आणि दीड वर्षापूर्वी फॉस्टर म्हणून (सरकारने तात्पुरती सांभाळायला दिलेली) घरी आलेली दोन भावंडं: मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा. जन्मदात्या आईचे हक्क कोर्टाने संपवले होते, नोव्हेंबरात दत्तकाची तारीख होती.

मेधाने विचारलं ते मी वरचेवर ऐकते. "ताई, दत्तक झालं की फॉस्टरचे पैसे आणि मेडिकेड दोन्ही बंद ना? धाकट्याची स्पीच थेरपी आठवड्यातून दोनदा असते. आमच्या इन्शुरन्समध्ये ती बसत नाही." मेडिकेड म्हणजे सरकारी आरोग्य विमा.

"होऊ देत बंद," संजीव म्हणाला. "आपली पोरं वाढवायला सरकारकडे हात पसरायचा? आई सांगलीहून विचारेल, पैशासाठी आणलीत का म्हणून."

मेधाचं उत्तर सोपं होतं. फॉस्टरचा भत्ता थांबतो, पण त्याच्या जागी दत्तक सहाय्याचा करार करता येतो. १९८० च्या केंद्रीय कायद्यापासून ही सोय आहे. दरमहा काही रक्कम (मूल फॉस्टरमध्ये असतं तर मिळाली असती त्याहून जास्त नाही), मेडिकेड, आणि वकील-कोर्टाच्या खर्चापोटी मुलामागे एकदाच, २,००० डॉलरपर्यंत. अट एकच ऐकू येते, मूल 'स्पेशल नीड्स' असावं. हा शब्द फार फसवा आहे. "पण मोठी तर ठणठणीत आहे," मेधा लगेच म्हणाली. आजार किंवा अपंगत्वच हवं असं नाही. मुलाचं वय, वंश, भावंडांना एकत्र ठेवायचं असणं, अशा ज्या कारणांनी घर मिळणं अवघड जातं ती राज्य ठरवतं. ही दोघं त्यात बसत होती. आईबापांच्या पगारावर पात्रता ठरत नाही. रक्कम ठरताना मात्र घरची परिस्थिती बघतात, आणि तिथे बोलणी करता येतात. आपली माणसं भाजीवाल्याशी घासाघीस करतील, पण केसवर्करने (मुलांची केस बघणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याने) सांगितलेला पहिला आकडा मुकाट घेतील!

खरी मेख तारखेत आहे. करारावर सही दत्तकाचा निकाल लागण्याआधी व्हावी लागते. हे मी एका कुटुंबाच्या जिवावर शिकले. सुरुवातीच्या काळात एका जोडप्याला मी म्हणाले होते, "आधी मुलाशी नातं जमू दे, कागदांचं नंतर बघू." नंतर त्यांना अपिलात जावं लागलं, सुनावणीला उभं राहावं लागलं, आणि तेवढे महिने थेरपीची बिलं खिशातून गेली. त्या बाईंचा फोन आला की अजून माझा आवाज खाली येतो.

संजीवला मी पटवायला गेले नाही. एवढंच म्हटलं, "पैसे नकोत ना? मग शून्य रकमेचा करार करा. उद्या गरज पडली तर रक्कम वाढवून मागता येईल. करारच नसेल तर मागणार कशाच्या जोरावर?" मग एक कोरा कागद पुढे केला. "केसवर्करला द्यायला दोघांच्या गरजा लिहा. डॉलर लिहू नका."

मेधाने थेरपी, चष्मा, दात लिहिले. संजीव बराच वेळ पेन फिरवत बसला. मग लिहिलं: 'मोठी रात्री पोळीची गुंडाळी उशीखाली ठेवते. सकाळी मुंग्या.' पुढच्या ओळीत: 'दार वाजलं की भावाला कपाटात लपवते.' मेधाने त्याच्याकडे पाहिलं. कपाटाचं तिला माहीतच नव्हतं.

"याला डॉक्टर लागतो का?" त्याने विचारलं.

लहान मुलांचा आघात समजणारा थेरपिस्ट लागतो, आणि तो वर्षानुवर्षं लागू शकतो. शून्याचा विषय तिथेच संपला. त्यांनी सांगितलेल्या आकड्याला कार्यालयाने आधी होकार दिला नाही, थेरपिस्टचं पत्र जोडल्यावर दिला. ऑक्टोबरात सह्या झाल्या. करारात मेडिकेडचा उल्लेख स्पष्ट आहे का, हे मी त्यांना दोनदा वाचायला लावलं. राज्य बदललं तरी करार टिकतो, हेही संजीवने स्वतः शोधून मला ऐकवलं.

आईला त्याने काय सांगितलं, मी विचारलं नाही.

निकालाच्या दिवशी मोठीने परकर-पोलकं घातलं होतं, खाली बूट. दुसऱ्याच दिवशी संजीवचा मेसेज: "ताई, टॅक्स क्रेडिटचं काय? आमचा तर खर्च काहीच झाला नाही." राज्याने स्पेशल नीड्स ठरवलेल्या मुलासाठी खर्च शून्य असला तरी केंद्राचं पूर्ण क्रेडिट (भरायच्या करातून वजा होणारी रक्कम) मागता येतं. २०२५ साठी मुलामागे १७,२८० डॉलर, त्यातले ५,००० पर्यंत कर लागत नसला तरी परत मिळतात, उरलेलं पाच वर्षं पुढे नेता येतं. उत्पन्न साधारण २ लाख ५९ हजारांच्या वर गेलं की ते कमी होत जातं. मी लिहिलं, "फॉर्म ८८३९. कराराची प्रत कराचं काम बघणाऱ्या सीपीएला दाखवा."

पाच मिनिटांनी उत्तर आलं: "दोन मुलं म्हणजे दोनदा ना?"

"दोनदा."